पन्नाशीत मेटलच्या नादी कसं लागावं

मेटल, म्हणजे जड गिटार आणि दणदणीत ड्रमचं रॉक संगीत, ऐकायला लांब केस लागत नाहीत. असलेले गळायला लागल्यावरही सुरुवात करता येते. १९८६ साली मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक संगीताचा महोत्सव सुरू झाला, तेव्हा आपल्यातले बरेच जण ऐन उमेदीत होते. पण तिकडे पाऊल टाकलं नाही, कारण ‘कसला तो धांगडधिंगा’ असं म्हटलं की घरात विषय संपायचा. आता नोकरी स्थिरावली आहे किंवा संपत आली आहे, मुलं मार्गी लागली आहेत आणि कुठून तरी, मुलीच्या खोलीतून म्हणा किंवा मोबाइलवरच्या एखाद्या रीलमधून म्हणा, गिटारचा तो जाड, खरखरीत आवाज कानात शिरून बसला आहे. तो निघत नाही. अशा माणसासाठी हा लेख.

सोळा वर्षांच्या मुलापेक्षा तुमची परिस्थिती बरी आहे. त्याला मेटल ऐकताना आणखी पन्नास गोष्टी सांभाळाव्या लागतात: कोणता टी-शर्ट, कोणत्या बँडला नावं ठेवायची, कॉलेजात कोणत्या टोळक्यात बसायचं. तुम्हाला कुणाला काही दाखवायचं नाही. शिवाय तुमच्याकडे तीस-चाळीस वर्षं ऐकलेला कान आहे. त्यात अभंग असतील, नाट्यगीतं असतील, कुणाकडे सवाई गंधर्वला रात्र-रात्र बसल्याचा अनुभव असेल. वीस मिनिटं एका जागी बसून एकच गोष्ट ऐकायची सवय मेटलला लागतेच, आणि ती नव्या पिढीपेक्षा तुमच्याकडे जास्त आहे. तारुण्य परत मिळवायला मात्र तिकडे जाऊ नका. ते तिथे ठेवलेलं नाही.

वयाची फारच लाज वाटत असेल तर ख्रिस्टोफर ली आठवावा. ड्रॅक्युलाच्या भूमिकांनी गाजलेल्या या इंग्लिश नटाचा जन्म १९२२चा. सम्राट शार्लमेनच्या आयुष्यावरचा त्याचा सिंफनिक मेटल अल्बम २०१० साली आला आणि दुसरा, आणखी कडक, २०१३ साली त्याच्या एक्क्याण्णवाव्या वाढदिवशी. तुम्हाला तर नुसतं ऐकायचं आहे.

आधी रिफ, मग गळा

बहुतेक नवखे पहिल्यांदा गायकाकडे लक्ष देतात आणि तिथेच बिनसतं. सवयच तशी आहे आपली. गाणं म्हणजे शब्द आणि गळा, बाकीचे साथीला. मेटलमध्ये मानाचं पान गिटारचं असतं. गिटारवर पुन्हापुन्हा वाजणारा काही सेकंदांचा सुरावटीचा तुकडा म्हणजे रिफ, आणि सगळी इमारत त्यावर उभी असते. गायक वर गच्चीत उभा राहून ओरडतो आहे असं समजा. आधी तळमजला बघून घ्या.

उदाहरणासाठी थेट मुळाशी जाऊ. बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन या कामगारवस्तीतल्या चार पोरांचा बँड ब्लॅक सबाथ. त्यांचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला, शुक्रवार बघून. त्यातलं पहिलंच गाणं बँडच्या नावाचं आहे आणि त्याचा रिफ तीन सुरांचा आहे. घरात पेटी असेल तर वाजवून बघा: सा, वरचा सा आणि मग या दोघांच्या बरोबर मधला तीव्र मध्यम. बस्स, एवढंच, अतिशय सावकाश. तंबोऱ्याने आपल्याला षड्जाबरोबर पंचमाची किंवा शुद्ध मध्यमाची सवय लावली आहे. त्या दोन्ही विसाव्याच्या जागा टाळून हा सूर नेमका मधल्या अडचणीच्या जागी जाऊन थांबतो आणि तिथेच थरथरतो. अंगावर काटा येतो तो त्यामुळे. पुढे असंख्य मेटल रिफ्समध्ये तुम्हाला षड्जाला खेटून असलेला कोमल रिषभ भेटेल. पाश्चात्त्य मंडळी ज्याला फ्रिजियन म्हणतात, त्याचे सूर आपल्या भैरवी थाटाचेच आहेत. चलन वेगळं असल्यामुळे भैरवीची आर्तता तिथे सापडणार नाही, पण सूर ओळखीचे निघाले की भीती कमी होते.

सबाथचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका हाच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं बनवली, त्यांना चामडं लावलं, नेहमीच्या जाड तारा झेपेनात म्हणून बँजोच्या पातळ तारा चढवल्या. पुढे १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ अल्बममध्ये गिटारच तीन अर्धस्वर खाली उतरवून लावली, म्हणजे तारा सैल पडून बोटांना त्रास कमी. सैल तारांमुळे आवाज खर्जात गेला, जड झाला. मेटल आज जसं जड वाजतं, त्यामागे एका कामगाराची मोडकी बोटं आहेत. हे माहीत असलं की तो आवाज पुन्हा ऐकताना नुसता गोंगाट वाटत नाही, निदान मला तरी वाटला नाही.

आता पद्धत सांगतो. एकच गाणं घ्या आणि ते लागोपाठ काही वेळा ऐका. पहिल्या वेळी फक्त रिफ धरा. तो गुणगुणता आला पाहिजे. दुसऱ्या वेळी ड्रम, आणि त्यातही ड्रमवाल्याचे पाय. मेटलमध्ये पुष्कळदा दोन्ही पायांनी बास ड्रम वाजवतात, आणि छातीत जाणवणारी ती सलग धडधड तिथून येते. तिसऱ्या वेळी बास गिटार, जी शोधावी लागते. गायक चौथ्या वेळी. शब्द वाचायचे असतील तर सगळ्यात शेवटी, आणि वाचून झाले की बाजूला ठेवा. कुमारांची बंदिश ऐकताना तरी सगळे शब्द कुठे कळत होते?

काय आणि कशावर ऐकायचं

मोबाइलच्या स्पीकरवर मेटल ऐकू नका. त्यात खर्ज येतच नाही. मग वरची खरखर तेवढी उरते आणि घरचे म्हणतात तेच खरं वाटू लागतं. बरे हेडफोन किंवा जुन्या म्युझिक सिस्टिमचे मोठे स्पीकर पुरेत. अ‍ॅपमध्ये ‘शफल’ बंद करा, अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत लावा. कॅसेटवर वाढलेल्या पिढीला हे सांगावं लागू नये.

सुरुवात कुठल्या अल्बमपासून, यावर मेटलवाले तासन् तास भांडू शकतात. माझी यादी चार नावांची आहे.

पहिला ब्लॅक सबाथचा ‘पॅरानॉइड’, १९७०. संथ, मोकळा, प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येतं. ड्रमर बिल वॉर्डच्या हातात जॅझ आहे, त्यामुळे ताल झुलतो.

दुसरा त्यांचाच ‘हेवन अँड हेल’, १९८०. गायक ऑझी ऑस्बोर्नच्या जागी रॉनी जेम्स डिओ आला आणि आवाज लख्ख झाला. ज्यांना गळा हवाच आहे, फिरत हवी आहे, त्यांनी वाटल्यास इथून सुरू करावं. तर्जनी आणि करंगळी वर काढून दाखवायची ती शिंगांची खूण मेटलमध्ये रूढ केली ती डिओने. त्याची इटालियन आजी दृष्ट लागू नये म्हणून तो हात करायची, असं तो सांगत असे. म्हणजे सैतानाबियतानाशी संबंध नाही, मीठ-मोहऱ्यांच्या जातीतली गोष्ट आहे.

तिसरा आयर्न मेडनचा ‘पॉवरस्लेव्ह’, १९८४. मेडन हा लंडनचा बँड आणि माझ्या मते मराठी मध्यमवर्गीयासाठी मेटलचा सगळ्यात सोपा दरवाजा. कारण यांना इतिहास आणि साहित्य यांचं वेड आहे. क्रिमियाच्या युद्धातला घोडदळाचा हल्ला, सिकंदर, दुसऱ्या महायुद्धातले वैमानिक असे त्यांचे विषय असतात. ‘पॉवरस्लेव्ह’चं शेवटचं गाणं कोलरिजच्या दर्यावर्दीच्या दीर्घकवितेवर आहे आणि ते साडेतेरा मिनिटांपेक्षा मोठं आहे. मधेच सगळं थांबतं, जहाजाच्या लाकडांची करकर उरते, कवितेतल्या ओळी बोलल्या जातात आणि मग बास गिटार हळूहळू गाणं पुन्हा उभं करते. बीएला इंग्रजी घेतलेल्यांनी तर हे चुकवूच नये. दोन गिटार एकमेकांना धरून सुरेल चाली वाजवतात, त्याही लगेच तोंडात बसतात.

चौथा मेटॅलिकाचा ‘मास्टर ऑफ पपेट्स’, १९८६. इथे वेग वाढतो, त्याला थ्रॅश म्हणतात. आवाज कोरडा, कापल्यासारखा. शीर्षकगीत आठ मिनिटांवर आहे, आणि मधे एक शांत, जवळजवळ हळवा भाग येतो. गळा अजून पचत नसेल तर त्यातलं ‘ओरायन’ ऐका. त्यात शब्दच नाहीत. त्याच्या चालीत मोठा वाटा बासवादक क्लिफ बर्टनचा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वीडनमध्ये बँडची बस उलटून तो गेला, चोवीस वर्षांचा होता.

मेटॅलिकाचं ‘नथिंग एल्स मॅटर्स’ तुम्ही ऐकलेलं असेल, लग्नाच्या व्हिडिओतसुद्धा वाजतं हल्ली. ते १९९१च्या काळ्या मुखपृष्ठाच्या अल्बममधलं. एकट्या अमेरिकेत त्या अल्बमच्या दीड कोटीहून जास्त प्रती खपल्या. गाणं चांगलंच आहे, पण मी नवख्याला त्या दारातून आत नेणार नाही. हळवी गाणी आवडून मेटलकडे आलेला माणूस आयुष्यभर हळवी गाणीच शोधत बसतो आणि उरलेल्या नव्वद टक्क्यांवर नाराज राहतो. स्लेअरच्या ‘रेन इन ब्लड’ने सुरुवात करणं हे दुसरं टोक. सगळा अल्बम २९ मिनिटांत उरकतो, पण पहिल्या भेटीत ती २९ मिनिटं फार लांब वाटतात. तो चौथ्या-पाचव्या महिन्यात घ्या.

प्रत्येक अल्बमला आठवडा-दोन आठवडे द्या. न आवडल्यास सोडून द्या, हा काही चातुर्मास नाही.

गुरगुरण्याचं काय करायचं

इथे बहुतेकांची गाडी अडते. डेथ मेटलमधला तो खोल, घशातून आल्यासारखा आवाज, ज्याला ग्राउल म्हणतात, पहिल्यांदा ऐकला की हसू येतं किंवा कीव. दोन्ही स्वाभाविक आहे. पण हा आवाज घसा फाडून काढत नाहीत. तसं केलं तर गायक आठवड्यात घरी बसेल. खऱ्या स्वरतंतूंच्या वर आणखी दोन घड्या असतात, त्या पोटातल्या श्वासाच्या आधारावर थरथरवायच्या असतात. रियाजाचं काम आहे, आणि नीट शिकलेले लोक वर्षानुवर्षं रोज दीड-दोन तास गातात.

ऐकताना त्याला गाणं समजू नका, वाद्य समजा. ढोलाला आपण सूर विचारत नाही, पण ठोका कुठे पडला हे कळतं. ग्राउलही तसाच तालावर पडतो.

चढण हळूहळू चढायची असेल तर स्वीडनचा ओपेथ बँड घ्या. त्यांचा २००३चा ‘डॅम्नेशन’ हा अल्बम पूर्ण शांत आहे, एकही गुरगुर नाही. तो अंगवळणी पडला की त्याच्या आधीचा, २००१चा ‘ब्लॅकवॉटर पार्क’. तिथे तोच गायक त्याच गाण्यात कधी मृदू गातो, कधी गुरगुरतो, आणि दोन्हींची गरज का आहे हे आपोआप कळतं. बायकांनी गावं तर असं, हे ज्यांना ऐकायचं आहे त्यांनी युक्रेनचा जिंजर बँड शोधावा. गायिका तातियाना श्मायलुक एका ओळीत अंगाई गाते आणि पुढच्या ओळीत भिंत हलवते. आर्च एनिमी या स्वीडिश बँडची अँजेला गॉसो २००१च्या अल्बमपासून गुरगुरत होती, तेव्हा पुष्कळांना ती बाई आहे यावर विश्वास बसला नव्हता. आणि ऑपेराच्या वळणाचा स्वच्छ आवाज हवा असेल तर फिनलंडचा नाइटविश.

एवढं करूनही ग्राउल नकोच वाटला तर नको. त्याच्याशिवायही उरलेलं आयुष्य पुरेल इतकं मेटल आहे.

तबला कळणाऱ्यांसाठी एक आडवाट

ज्यांना मात्रा मोजायची खोड आहे त्यांच्यासाठी मेटलमध्ये एक स्वतंत्र दालन आहे. अमेरिकन बँड टूलचा २००१चा अल्बम ‘लॅटरलस’. त्याच्या शीर्षकगीतात आवर्तनं ९, ८ आणि ७ अशा मात्रांची येतात. बोटांवर धरून बसा. त्यापुढे स्वीडनचा मेशुगा. यांची युक्ती अशी: ड्रमवाल्याचा एक हात झांजेवर सरळ चार-चार मात्रा देत राहतो, आणि गिटार व पाय मिळून एखादा विषम लांबीचा तुकडा फिरवत राहतात. तुकडा प्रत्येक आवर्तनात वेगळ्या जागी पडतो, ऐकणारा हरवतो आणि बऱ्याच वेळाने सगळे एकत्र समेवर येतात. तिहाई लांबवत नेणाऱ्या तबलजीला आपण ‘क्या बात है’ म्हणतो, त्याच जागी इथेही तोंडून तेच निघतं. २००८चा ‘ऑबझेन’ हा त्यांचा अल्बम. मात्र हे पहिल्या महिन्यात नाही.

बाकी मेटलच्या फांद्या पुष्कळ आहेत: डूम म्हणजे अतिविलंबित, पॉवर मेटल म्हणजे चढ्या सुरातलं, वीरश्रीचं, डेथ म्हणजे ग्राउल, ब्लॅक म्हणजे किंचाळी आणि मुद्दाम कच्चं ठेवलेलं रेकॉर्डिंग. पाठ करू नका. घराण्यांवरून होतात तशीच भांडणं यावरही होतात आणि त्यात नवख्याने पडू नये. फक्त गडकोट आणि पानिपत यांत रमणाऱ्यांना सांगून ठेवतो, स्वीडनचा सॅबटॉन हा पॉवर मेटल बँड जवळजवळ फक्त युद्धेतिहासावरच गाणी करतो.

आपल्याकडचं मेटल

परदेशी नावांनी जीव दमला असेल तर घरी या. मुंबईचा डेमॉनिक रिझरेक्शन हा बँड २००० सालचा. २०१७ साली त्यांनी ‘दशावतार’ नावाचा अल्बम काढला: मत्स्य, कूर्म, वराह असं एकेक गाणं. कोकणातल्या दशावतारी खेळाची सवय असलेल्यांना नरसिंहाचं गाणं ग्राउलमध्ये ऐकताना फारसं परकं वाटणार नाही. मुंबईचाच भयानक मौत नावाप्रमाणे कडक. बंगळुरूचा क्रिप्टोस मात्र जुन्या पद्धतीचं, आयर्न मेडन आणि जुडास प्रीस्ट या जुन्या इंग्लिश बँडांच्या वळणाचं सुरेल वाजवतो, त्यामुळे वरचे चार अल्बम झाल्यावर लगेच झेपेल. दिल्लीचा ब्लडीवुड ढोल, बासरी, हिंदी-पंजाबी शब्द आणि जड गिटार यांची मिसळ करतो. २०१९ साली जर्मनीतल्या वाकनच्या प्रचंड महोत्सवात ते वाजवून आले. त्यांचा ‘रक्षक’ २०२२चा. सिंगापूरच्या रुद्र या बँडने तर संस्कृत श्लोक आणि वेदान्त डेथ मेटलमध्ये बसवले आहेत. सकाळच्या पूजेला लावू नका, एवढंच.

सैतान, कवट्या आणि खरोखरची काळी पानं

कव्हरवरच्या कवट्या आणि उलटे क्रॉस बघून घरचे दचकतील. यातला बहुतेक भाग भयपटासारखा आहे, वेशभूषा आणि नाटक. १९९० साली अमेरिकेतल्या रीनो शहरात जुडास प्रीस्टवर खटला चालला होता. रेकॉर्डमध्ये लपवलेल्या संदेशामुळे दोन तरुणांनी स्वतःवर गोळ्या झाडल्या, असा दावा होता. न्यायाधीशांनी तो फेटाळला. मेटल ऐकून माणूस बिघडतो या समजाची चिकित्साही झाली आहे. क्वीन्सलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली रागावलेल्या मेटलश्रोत्यांना त्यांचंच संगीत ऐकवलं, तर राग वाढला नाही. प्रयोग लहान होता, ३९ जणांचा. पण घरी सांगायला बरा आहे.

एक कोपरा मात्र खरोखर काळा आहे. नॉर्वेत नव्वदीच्या सुरुवातीला ब्लॅक मेटलच्या टोळक्यातल्या काहींनी जुनी लाकडी चर्चं जाळली, आणि १९९३ साली मेहेम बँडच्या गिटारवादकाचा खून झाला; करणारा बुर्झुम हा एकट्याचा बँड चालवणारा वर्ग विकर्नेस. त्या वळणाच्या काही बँडांचा नाझी विचारांशी उघड घरोबा आहे. ब्लॅक मेटलकडे वळाल तेव्हा पैसे देऊन काही विकत घेण्याआधी बँड कोण आहे हे दोन मिनिटं शोधून बघा. मी बघतो.

प्रत्यक्ष गिगला जाताना

मेटल गिगमध्ये, म्हणजे बँडच्या प्रत्यक्ष कार्यक्रमात, ऐकल्याशिवाय अर्धवटच राहतं, कारण त्याचा खर्ज कानांपेक्षा छातीला ऐकू येतो. आयर्न मेडनचा २००८चा जगदौरा १ फेब्रुवारीला मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातूनच सुरू झाला होता. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः वैमानिक, त्या दौऱ्यात बँडचं विमान तोच चालवत होता. तेव्हा गेला नसाल तर असो. रंगभवनातलं संगीत तर शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे केव्हाच बंद पडलं. आता मुंबई-पुण्यात छोटे गिग क्लबांमध्ये होतात, मोठे महोत्सव मैदानांवर. पुण्यात २०१० साली सुरू झालेल्या एनएच सेव्हन वीकेंडरमध्ये मेटलवाल्यांनाही जागा मिळत आली आहे. आणि मेटलसाठीच असलेला महोत्सव हवा तर बंगळुरूचा बँगलोर ओपन एअर. हॅम्बुर्गकडे नातेवाईक असतील तर वाकन तिथून फार लांब नाही. ऑगस्टच्या आसपास असतो आणि चिखलासाठी गमबूट लागतात.

पहिली आणि न टाळता येणारी खरेदी: इअरप्लग. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तास हीच सुरक्षिततेची मर्यादा मानतात, आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं, आणि मेटलचा गिग सहज १००च्या वर असतो. पन्नाशीनंतर कान आधीच वरच्या पट्टीतले सूर सोडायला लागलेले असतात, उरलेले जपले पाहिजेत. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे चालतात, पण आवाज गढूळ होतो. वादकांसाठी बनवलेले फिल्टरवाले प्लग मिळतात, त्यांतून सगळं स्वच्छ, फक्त हलकं ऐकू येतं. दरवाजातून आत शिरायच्या आधी घाला. गिगनंतर कानात शिट्टी वाजत राहिली आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही थांबली नाही, तर कानाच्या डॉक्टरांकडे जा. डॉक्टर हसले तर हसू द्या.

उभं कुठे राहायचं? हॉलच्या मागच्या भागात साउंडवाल्याचं टेबल असतं, त्याच्या पुढ्यात किंवा बाजूला. तो माणूस तिथे बसून ऐकतच सगळं जुळवत असतो, म्हणून आवाज तिथे सगळ्यात चांगला. शिवाय तिथे टेकायला कठडा मिळतो, आणि आपल्या वयाला कठड्याची किंमत कळते. स्पीकरच्या तोंडाशी उभं राहू नका.

मंचासमोर मध्यावर पोरं एकमेकांवर धडका देत गोल फिरतील, तो मॉश पिट. लांबून हाणामारी वाटते, पण तिचे नियम पक्के आहेत: कोणी पडला की आजूबाजूचे सगळे थांबून त्याला आधी उचलतात, कुणाचा चष्मा किंवा बूट पडला तर तो हात वर करून दाखवतात. बघायला मजा येते. कडेला उभे असाल तर पाय फाकवून, हात छातीसमोर ठेवून उभे राहा, कारण मधूनमधून एखादा उडून तुमच्यावर येईल. त्याला हलकेच परत ढकलून द्यायचं, रागवायचं नाही. आत जाण्याचा मोह झाला तर गुडघ्यांचा एक्स-रे आठवा.

मान हलवण्याबद्दल. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी हेडबँगिंगचा अभ्यास करून तो २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आणला. हेडबँगिंगवाल्या गाण्याची सरासरी लय मिनिटाला १४६ ठोके, आणि त्या लयीत मान ७५ अंशांहून जास्त फिरली की दुखापतीची शक्यता सुरू होते, असं त्यांचं गणित. त्यांनी गळपट्टा वापरायचाही सल्ला दिला होता, गमतीने. स्पाँडिलायटिसवाल्यांनी नुसती मान डोलवावी किंवा कमरेतून झुलावं. हवं तर एक आड एक ठोक्यावर. सवाईत बसल्यासारखं समेवर हात टाकला तरी कुणी काही म्हणत नाही, मी पाहिलं आहे.

बारीकसारीक: बूट बंद घाला, चष्म्याला दोरी लावा, पोटभर पण साधं जेवून जा, बीपीची गोळी चुकवू नका. जाहिरातीत दिलेल्या वेळेला पहिला बँड सुद्धा लागलेला नसतो; तुम्हाला ऐकायचा आहे तो शेवटी येणार. उघड्या मैदानावर रात्री दहाला भोंगे बंद करावे लागतात, त्यामुळे शेवटची लोकल सहसा मिळते. क्लबमधल्या गिगला ती हमी नाही.

पोरं तुम्हाला ‘काका’ किंवा ‘मावशी’ म्हणतील, वाईट वाटून घेऊ नका. जागा करून देतील, पाणी आणून देतील, आणि तुम्ही आयोमीच्या बोटांबद्दल बोललात तर शेजारी उभे राहून दहा बँडांची नावं सांगतील. ती टिपून घ्या. त्यांतली तीन तरी आवडतात.

घरात

सोसायटीत रात्री स्पीकर नको. सकाळच्या फेरीला हेडफोन लावून थ्रॅश ऐकू नका, चालायचा वेग नकळत वाढतो आणि रस्त्यावरची गाडी ऐकू येत नाही. स्वयंपाकघरात भाकऱ्या थापताना मेडन उत्तम लागतं. जोडीदाराला ओढून आणू नका. हवं तर एकदा ‘हेवन अँड हेल’ गाडीत लावून बघा, लांबच्या प्रवासात, आणि काही बोलू नका.

ब्लॅक सबाथ मूळच्या चौघांसह ५ जुलै २०२५ रोजी शेवटचा वाजला, अ‍ॅस्टनमध्येच, व्हिला पार्क मैदानावर. ऑझीला पार्किन्सन होता, तो मोठ्या खुर्चीत बसून गायला आणि १७ दिवसांनी गेला, ७६ वर्षांचा होता. पहिली पिढी निरोपाच्या वयात आहे; जुडास प्रीस्टचा रॉब हॅलफर्ड सत्तरी ओलांडूनही अजून तार सप्तकात किंचाळतो आहे, २०२४चा ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ ऐका. यांतलं कोणी भारतात येणार असं कळलं तर तिकिटाचा फार विचार करू नका.

आणि टी-शर्ट. घ्यायचाच असेल तर गिगच्या बाहेरच्या फुटपाथवरचा नको. आत बँडच्या टेबलावरून घ्या, छोट्या बँडांची खरी कमाई तीच असते. आकार एक नंबर मोठा, कारण ते आखूडच शिवतात. आतली बाजू बाहेर करून गार पाण्यात धुवा आणि छापलेल्या भागावर इस्त्री फिरवू नका.